किळशीचा उतारा

निजामाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही नांदेडला राहत होतो. आमचे हे तहसील कचेरीत उर्दू नकला लिहीत. माझा पहिला मुलगा तान्हेपणीच तापानं गेला आणि त्यानंतर माझा डावा हात दुखू लागला. त्याला घेऊन बसायचे तोच हात. भाकरी थापवेना, घागर उचलवेना.

ह्यांनी मला हकिमांकडे नेलं. हकिमांनी हात दाबून, वळवून पाहिला.

"हात धड आहे, बेटी. दुखणं मनात बसलंय. मनाला त्याची किळस आणली की मन त्याला सोडेल."

त्यांनी एक पुरचुंडी दिली. आत जळकं चामडं, हिंग आणि कसली तरी कुजकी मुळी. ठणका लागला की ती नाकाशी धरायची.

पहिल्यांदा हुंगली आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. तो वास पदराला, केसांना, परातीतल्या पिठाला चिकटला. माझ्या हातची भाकरी खाताना हे तोंड फिरवत. सासूबाई मात्र पहाऱ्यालाच बसलेल्या. मी हात चोळताना दिसले की म्हणत, "धर नाकाला. दुखण्याचे लई लाड न्हाई करायचे."

गुण आला. ठणका उतरला, मी पाणी भरू लागले. घरात सगळ्यांना बरं वाटलं.

एका दुपारी शेजारीण आली. दूध उतू जातंय म्हणून तिचं बाळ माझ्या हातात देऊन घरी पळाली. त्याच्या टाळूला तेल माखलेलं होतं. डाव्या हातावर त्याचं ओझं आलं आणि मला उमासे सुरू झाले. बाळाला कसंबसं घोंगडीवर ठेवून मी मोरीत ओकले. तिथंच बसून माझ्या लेकराचं तोंड आठवू लागले, तर नाकात जळकं चामडंच. स्वतःची अशी शिसारी मला कधी आली नव्हती.

पुरचुंडी उकिरड्यावर टाकली आणि कचेरीतून आल्यावर ह्यांना सांगितलं.

"मग हाताचं?"

"दुखू द्या. आपल्या लेकराची आठवण आली तरी ओकारी यायलीय मला."

ह्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "त्याच्या कानावर लव होती."

तो गेल्यापासून त्याच्याबद्दल ह्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

"दोन्ही कानांवर," मी म्हणाले.

ठणका परत आला. सासूबाई खूप बोलल्या. पण जेवताना हे मधूनच त्याचं काहीतरी काढत, मी त्यात भर घालत असे. हात पुढं पुष्कळ निवला, पुरता कधीच नाही.