दोन भावांचे दोन रस्ते

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचा. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगला अर्ज कसा करायचा हेही बाईंनीच सांगितलं. त्याआधी, आठवीत, त्यांनी आम्हाला गावातल्या रस्त्यांच्या पाट्या बघायला पाठवलं होतं. "नुसतं नाव वाचून येऊ नका. हा माणूस कोण होता, ते कोणाला तरी विचारून या."

आज मी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत आहे. सुरुवातीला प्रोबेशनवर होतो. ते पार पडलं नसतं तर नोकरीबरोबर व्हिसाही गेला असता. नेमकं तेव्हाच ग्रीसमधल्या एका बंदराच्या शहराचं काम आलं. एकच रस्ता दोन-तीन नावांनी नोंदला गेला असेल तर ती नावं एक करायची होती. कुरिअरवाले त्यावरून पत्ते शोधणार होते.

टीममध्ये आम्ही तिघे महाराष्ट्रातले. लीड पुण्याचा. त्याने नियम ठरवला: एका भागात आडनाव जुळलं की रस्ता एकच. आम्हालाही ते पटलं. आपल्याकडे तसंच असतं. पाटीवर पदवीसकट लांबलचक नाव, पत्त्यात आद्याक्षरं, रिक्षावाल्याला नुसतं आडनाव. रस्ता तोच.

बाईंनी लावलेल्या सवयीने मी रस्त्यांच्या नावांमागची माणसं कोण हे वाचायला लागलो. एक चौक सिकंदराच्या गुरूचा, एक हमरस्ता रोमन काळातल्या महामार्गाच्या नावाचा, एक रस्ता बायझंटाइन सम्राटाचा. मग एका आडनावापाशी थांबलो. क्लायंटला काम दाखवायचा डेमो होता, त्याच्या आदल्या दिवशी लीडला म्हणालो, "हे दोन रस्ते आपण एक केलेत. पण माणसं दोन आहेत. सख्खे भाऊ."

"आडनाव एकच ना?"

"हो, पण थोरल्याने ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी उत्तरेकडून बंड केलं, हरला आणि परक्या देशात तुरुंगात पडला. धाकटा दक्षिणेत येऊन लढला. दोघांना वेगवेगळे रस्ते दिलेत."

"अरे, तू डेटा साफ करतोयस की पीएचडी?"

शेजारचा नागपूरचा मित्र मान वर न करता म्हणाला, "करू दे ना बे. व्हिसा गेला की वेळच वेळ आहे त्याच्याकडे."

लीड मात्र हसला नाही. "पुढच्या आठवड्यात तुझा रिव्ह्यू आहे. काय लिहू? इतिहासात हुशार?"

"उद्या क्लायंटलाच विचारू. मी चुकलो असेन तर तसंच लिही."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर क्लायंटकडून त्याच शहरात वाढलेल्या एक बाई होत्या. मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "माझी शाळा धाकट्याच्या रस्त्यावर होती, आणि दाताचा डॉक्टर थोरल्याच्या. दोन्हीकडे रडतच जायचे." मग त्यांचा आवाज बदलला. "अशी अजून किती नावं एक केलीत तुम्ही?"

लीडने म्यूट केलं. "बोल लवकर, किती?"

"माहीत नाही. सगळी परत बघावी लागतील."

लीडने म्यूट काढून त्यांना सांगितलं, "आमचा नियम चुकला. आम्ही पुन्हा तपासतो." डेमो पुढे ढकलला गेला. आठवडाभर आम्ही तिघे एकेका नावामागचा माणूस शोधत बसलो, आणि अशा आणखी जोड्या निघाल्या.

रिव्ह्यू झाला त्या संध्याकाळी बाईंना पत्र लिहिलं. मोबाइलवर त्या लांब मजकूर वाचत नाहीत, म्हणून टपालाने पाठवलं:

"बाई, नमस्कार. माझी नोकरी पक्की झाली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलंय की हा काम अडवतो, पण कारण सांगून अडवतो. हे कुठे शिकलो, ते मी त्यांना सांगितलं. इथे आम्ही ज्या शहराचा नकाशा केला, तिथे हरलेल्या भावालाही रस्ता मिळालेला आहे. मला ते फार आवडलं. मार्चमध्ये घरी येतोय. तेव्हा आठवीचा एक तास मला द्याल का? नकाशा घेऊन येतो. तुम्ही मागच्या बाकावर बसा, आणि माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे टोका.

तुमचा विद्यार्थी."