परसात बसलेला हवालदार

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत जाण्याआधी आमच्या घरात कमावणारं माणूस एकच होतं. ती म्हणजे आत्या, त्यांची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला कपड्यांच्या बोचक्यासकट आमच्या दारात आणून सोडलं. आजोबा आधीच गेलेले. आजी दम्यानं खाटेला. जमीन होती, पण माळावरची. कुसळं जास्त, ज्वारी कमी. आत्या लोकांच्या शेतात हळद काढायला जायची आणि कुदळीनं तुटलेले, मालकानं टाकून दिलेले कंद पदरात भरून आणायची. ते शिजवून, वाळवून ती विकायची. अण्णांची शाळा त्या तुकड्यांवर झाली. दहावीनंतर ते रोज पहाटे शेजारच्या कुरुंदा गावच्या रस्त्यानं अनवाणी पळायचे. भरतीला जायच्या दिवशी पायात घालायला काही नव्हतं, तर आत्यानं आपल्या चपला दिल्या. बायकी चपला घालून गेलेला माणूस हवालदार होऊन परतला.

ते वारले तेव्हा स्मरणसभेला सगळे सीमेवरचं बोलले. बर्फात गेलेली डाव्या पायाची दोन बोटं, छातीवरची पदकं. ते खरंच आहे. पण बर्फ मी पाहिला नाही. मी पाहिलं ते परसातलं, आणि त्या सभेत ते कुणी काढलं नाही. मुद्दाम काढलं नाही. म्हणून मी लिहिते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एवढं तरी माझ्याकडून व्हायला पाहिजे.

आमच्याकडं हळद शिजवताना ओळखणारं माणूस लागतं. कमी शिजली तर वाळता वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. आत्या तुराटीची काडी कंदात खुपसायची, वाफेचा वास घ्यायची आणि म्हणायची, "काढा." गावातल्या निम्म्या कढया तिच्या शब्दावर उतरायच्या. नवरीच्या अंगाला लागायची ती हळदसुद्धा तिनं शिजवलेली, तिनं दळलेली. लावायची मात्र सवाष्णींनी. त्या वेळी आत्या घरामागच्या परसात, बाकीच्या विधवा बायकांबरोबर, पंगतीचा लसूण सोलत बसलेली असायची.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अण्णांनी भर मांडवात सांगून टाकलं, "पहिली हळद अक्का लावील." अक्का म्हणजे आत्या.

चुलत आजोबा, भावकीतले सगळ्यांत वडीलधारे, खुर्चीवरून उठले. "तुझी आर्डर पलटणीत. हितं न्हाई चालायची."

"काहून न्हाई? हळद तिची, पोरगी माझी. तुमचं काय जाऊन राहिलं काका?"

"पोरीच्या संसाराला काही झालं म्हंजी?"

"अक्काला तर पाच सवाष्णींनी लावली व्हती. मग काय झालं?"

अण्णांनी आत्याला हाक मारली, तर ती घरात नव्हतीच. शेतातल्या खोपीत जाऊन बसली होती. अण्णा तिकडं गेले, मागोमाग मी.

"चल अक्का."

"तू मला इचारलं व्हतं का?"

अण्णा खोपीच्या दारातच थांबले.

"हुकूम सोडून मोकळा झाला. उद्या पोरीला शिंक आली तरी लोक माझ्या नावानं बोटं मोडतील. तुझ्या न्हाई. जाय तू."

अण्णा हरले. बहिणीला हळद सवाष्णींनीच लावली. चूक अण्णांची होती आणि ती त्यांनी घरी सगळ्यांसमोर कबूल केली. उभी उमर हुकूम घेण्यात आणि देण्यात गेली, विचारायची सवयच मोडली होती.

पण ते मागं हटले नाहीत. त्यानंतर गावात ज्या घरी हळद असेल तिथं अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, मांडवातल्या खुर्च्या ओलांडून थेट परसात, आत्याशेजारी पोत्यावर बसायचे आणि लसणाचं टोपलं पुढं ओढायचे. मानाच्या टॉवेल-टोपीला त्यांचं नाव पुकारलं तरी उठायचे नाहीत. "परसातल्या बायांना मांडवात बोलवा, मंग मी येतो."

पोरं टोमणा मारायची, "हवालदार, इथं ड्युटी लागली का?"

"व्हय. तू बी बस. बघू किती सोलतो."

एकदा एक म्हातारी अण्णांना म्हणाली, "बापू, तुमच्या लसणाला सालं लई राहून राहिली. सरकारनं पेन्शन कशाची देली तुमाला?" परसातल्या सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णाही हसले, आणि टोपलं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं.

कितीतरी लग्नं असंच चाललं. मग त्यांचा एक निवृत्त दोस्त शेजारी येऊन बसला. मग शाळेतले एक मास्तर. पुढं पुढं तर मानाचा नारळ द्यायला यजमानालाच परसात यावं लागायचं.

ऐन हळद शिजवायच्या दिवसांत, शेतात, बसल्या जागी अण्णा गेले. त्यांना न्यायच्या आधी भावकीतल्या बायका माझ्या मायच्या बांगड्या फोडायला पुढं झाल्या. आत्या मधे उभी राहिली.

"हिच्या हाताला हात लावायचा न्हाई."

"रीत हाय अक्का."

"रीत मला नको सांगू. माझ्या मनगटावर काचंची खूण हाय अजून. हिच्या हातावर व्हनार न्हाई."

चुलत आजोबा दारात होते. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चला, उशीर होऊन राहिला."

माझं लग्न ठरायच्या बैठकीतच मी मुलाकडच्यांना सांगितलं, हळद माझी आत्या आणि माय लावणार. चालत नसेल तर चहा घ्या आणि निघा. ते निघाले नाहीत. मग मी आत्याकडं गेले, कारण अण्णांची चूक मला करायची नव्हती.

"आत्या, तू लावतीस का? न्हाई म्हणलीस तरी चालंल."

"अन् पुढं काही झालं तर?"

"भांडण झालं तर माझ्या जिभेनं व्हईल. तुझ्या हातानं न्हाई."

"जीभ बापावर गेली तुझी," ती म्हणाली. "लावते. माय बी संगं पायजे."

वैशाखात आमच्या अंगणात, सगळ्या गावादेखत, मला पहिली हळद आत्यानं लावली आणि दुसरी मायनं. चुलत आजोबांसकट मांडवातून कुणी उठून गेलं नाही. त्यानंतर आमच्या गावात तीन लग्नं झाली. तिन्ही हळदींना विधवा बायका मांडवात बसल्या, आणि त्यांतल्या दोघींनी आपापल्या लेकींना स्वतःच्या हातानं हळद लावली.