बेडकीची मालकीण

नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात शिवणकाकूंचा दीर गाडी न्यायला आला. येताना ओढून न्यायचा ट्रकही बरोबर घेऊनच आला.

शिवणकाकू आमच्या समोरच्या घरात राहायच्या. मोठ्या इस्पितळाच्या कापडखोलीत चादरी, पडदे आणि डॉक्टरांचे कोट शिवण्यात त्यांचा उभा जन्म गेला, म्हणून सगळे त्यांना शिवणकाकूच म्हणायचे. नवरा जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या वस्तूंना दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे. पेन्सिली, पट्ट्या, चष्मा, आणि या सगळ्यांच्या वर गाडी.

गाडी दोन दारांची, उंदराच्या रंगाची, पाठीला गोल. पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे बाहेर आलेले, त्यामुळे गल्लीने तिचं नाव बेडकी ठेवलं होतं. वळायचं असलं की दारामागच्या खांबातून वीतभर लांबीचा पिवळा हात टक्कन बाहेर यायचा. तसल्या गाड्या काढणारा कारखाना बंद पडून जमाना लोटला होता. सुट्टीच्या दिवशी नवरा बेडकीला धुवायचा, पुसायचा आणि काकूंना शेजारी बसवून नदीपर्यंत चक्कर मारून आणायचा. काकू पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. काच किती खाली करायची हेही तोच सांगायचा. लग्नानंतर थोड्या वर्षांनी काकूंनी एकदा म्हटलं होतं, मला शिकवा की चालवायला. तो हसून म्हणाला, तू आरामात बस, कशाला डोक्याला ताप करून घेतेस. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. विसरल्याही नाहीत.

तर दीर आला. हमरस्त्यावर त्याने नवीन हॉटेल बांधलं होतं, उद्घाटन व्हायचं होतं. दारात कारंजं, कारंज्याशेजारी बेडकी, तिचं इंजिन काढून त्या जागी फुलझाडं, असा त्याचा बेत. लोक फोटो काढतील, दादाची आठवणही राहील. हे सगळं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं आणि ट्रकवाल्याला हुक लावायची खूण केली.

काकू शिवणयंत्रावरून उठल्या, बाहेर आल्या आणि ट्रक नि गाडी यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी, चालती गाडी आहे ती. तिच्यात कुंड्या कसल्या ठेवताय?"

"चालती आहे खरी, पण वहिनी, चालवणार कोण?"

"मी."

दीर हसला. ट्रकवालाही हसला, पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने साखळी गोळा करून परत ट्रकमध्ये टाकली. जाताना दीर म्हणाला की आमंत्रणपत्रिकेवर गाडीचाच फोटो छापायचं ठरलंय, उद्घाटनाला अजून काही महिने आहेत, तोवर वहिनींचा राग उतरेल. रागावल्या असत्या तर उतरलाही असता. काकूंनी ठरवलं होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची. काकाने तिच्याकडे गाऱ्हाणं घातलंच होतं. आई, तुला साधी सायकलसुद्धा येत नाही, असं ती कळवळून म्हणाली. काकूंनी तिला सांगितलं की सायकल न्यायला कोणी आलेलं नाही, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

बोलून बसल्या खऱ्या, पण शिकवणार कोण हा प्रश्नच होता. मोटार शिकवणाऱ्या शाळेतल्या माणसाने आधी काकूंचं वय विचारलं, मग गाडीचं विचारलं, आणि दोन्ही ऐकून हात जोडले. मिस्त्री म्हणाला, दुरुस्त करून देतो, शेजारी बसणार नाही, मला बायकापोरं आहेत. शेवटी कोपऱ्यावरच्या घरात राहणारे ड्रायव्हरदादा तयार झाले. त्यांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेला होता. त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या बसला गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागायचा. बेडकीचंही तसंच होतं. निवृत्त झाल्यापासून घरात सगळ्यांच्या पायात पायात येत असल्यामुळे बायकोनेच त्यांना ढकललं. त्यांनी अट घातली की रडायचं नाही. काकूंनी उलट अट घातली की ओरडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात दोघांनीही आपापली अट मोडली.

बंद पडलेल्या गोदामाचं मोकळं आवार होतं, तिथे शिकवणी चालायची. बेडकी नावाला जागून उड्या मारायची आणि बंद पडायची. क्लच सोडला की उडी, पुन्हा किल्ली, पुन्हा उडी. दादा आधी समजावायचे, मग खिडकीबाहेर बघत बसायचे. एक दिवस काकू स्वतःशीच पुटपुटल्या, "यंत्र सुरू करताना पाय एकदम दिला की दोरा तुटतो." पाय हळूच वर घेतला. बेडकी सरळ चालू लागली ती भिंत येईपर्यंत. ब्रेक दादांनी ओरडून आठवण केल्यावर लागला.

मागे घेणं मात्र काही केल्या जमेना. मान वळवली की हातही वळायचे. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत त्यावरच गाडं अडलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने नापासाचा शिक्का मारत विचारलं की या वयात हे कशाला. काकू म्हणाल्या, "याच्या आधीच्या वयात कोणी किल्ली दिली नाही." पुढच्या खेपेला साहेबाने जागेवरून उठून बाहेर येऊन बघितलं, आणि काकू पास झाल्या.

परवाना हातात आल्यावर काकूंनी पहिलं काम केलं ते सीटच्या कव्हरांचं. नवऱ्याने कायम राखाडी कापड वापरलं होतं. काकूंनी लालभडक आणलं आणि दोन दुपारी खपून शिवलं. मग त्या बाजाराला एकट्या निघाल्या. बाजाराच्या चढावर, अगदी गर्दीच्या वेळी, बेडकी बंद पडली आणि मागे घसरू लागली. काकूंनी हँडब्रेक ओढला. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एका स्कूटरवाल्याने शेजारून जाताना घरी बसा असा सल्ला दिला. दादांनी सीटखाली लाकडी ठोकळा ठेवायला सांगितलं होतं, तो घेऊन काकू खाली उतरल्या, मागच्या चाकाला लावला, आणि कमरेवर हात ठेवून रांगेकडे बघत म्हणाल्या, घाई असेल त्यांनी बाजूने जावं. गाडीत बसून त्यांनी दम खाल्ला, किल्ली फिरवली आणि चढ चढून गेल्या. ठोकळा तिथेच राहिला. परतताना तो भाजीवाल्याने हातगाडीच्या चाकाला लावलेला दिसला, तेव्हा त्यांनी मागितला नाही.

उद्घाटनाचा दिवस आला. पत्रिकेवर बेडकीचा फोटो होताच. काकूंना दीर न्यायला येणार होता, त्यांनी नको म्हणून कळवलं आणि स्वतःच गाडी काढली. हमरस्त्यावर मागच्या ट्रकांना ताटकळत ठेवत त्या आपल्या चालीने पोचल्या.

दाराशी कारंज्याजवळ दोऱ्या बांधून जागा मोकळी ठेवली होती. बेडकी आत शिरताना पाहून दिराचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, वहिनी गाडी पोचवायला आल्या. त्याने माइकवरून जाहीरही करून टाकलं की आमच्या वहिनींनी मोठ्या मनाने दादाची गाडी हॉटेलला दिली आहे. टाळ्या वाजल्या. तो हात पुढे करून आला.

काकूंनी दोऱ्यांच्या बाजूने गाडी पुढे नेली, पाहुण्यांच्या गाड्यांच्या रांगेत उभी केली, उतरून दार लावलं.

"मी जेवायला आलेय, भावोजी," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडेच राहील."

चारचौघांत दिराला हसून साजरं करावं लागलं. काकूंची धाकटी जाऊ, म्हणजे दिराची बायको, ताटं मोजत उभी होती. तिने काकूंना बसायला जागा करून दिली आणि वाढायलाही स्वतः आली.

खरा फजितीचा प्रसंग नंतर आला. जेवण झालं, काकूंनी निरोप घेतला, किल्ली फिरवली, आणि बेडकीने नुसता खोकल्यासारखा आवाज केला. पुन्हा फिरवली. मग तेवढाही नाही. बॅटरी बसली होती. पाहुणे फोन वर करून चित्रण करू लागले. दीर खिडकीशी वाकला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता.

"बघितलंत ना वहिनी, तिचे दिवस संपले. राहू द्या इथेच. मी सोडतो तुम्हाला घरी."

आयुष्यभर ज्या सुरात काकूंना समजावलं गेलं होतं, तोच हा सूर होता. त्यांनी काच पूर्ण खाली केली.

"भावोजी, मागून जरा हात लावा."

कोणी हललं नाही. मग जावेने हातातली ताटं टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि बेडकीच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकवले. मालकीणबाई लागल्या म्हटल्यावर वाढपी धावले, त्यांच्यामागून दोघेतिघे पाहुणे. दिराला काही इलाज उरला नाही. नव्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरकवून तोही लागला. आवार रस्त्याकडे उतरतं होतं. बेडकी हलली, मग घरंगळू लागली. काकूंनी दुसरा गिअर टाकून ठेवला होता. वेग येईपर्यंत त्या थांबल्या आणि क्लच सोडला. हिसका बसला, इंजिन धडधडलं, आणि धुराचा लोट थेट दिराच्या शर्टावर गेला. थांबल्या असत्या तर पुन्हा बंद पडली असती, म्हणून काकू थांबल्याच नाहीत. पिवळा हात बाहेर काढून त्या रस्त्याला लागल्या. मागे टाळ्या वाजत होत्या म्हणे. त्यांना इंजिनापलीकडे काही ऐकू आलं नाही.

दिराने बरेच दिवस अबोला धरला. मग भंगारातून कुठल्याशा गाडीचा सांगाडा आणून त्यात त्याने फुलझाडं लावली. ती छान वाढली, हे काकूही मान्य करतात.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी जाऊ बसने एकटीच आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, मला शिकवाल?"

काकूंनी विचारलं, भावोजींना माहीत आहे का.

"नाही. आणि मी विचारणारही नाहीये."

ड्रायव्हरदादांना निरोप गेला. ते दोन्ही अटी नव्याने घालून शेजारी बसले. जावेने पहिल्याच दिवशी गोदामाच्या फाटकावर बेडकीचा डावा दिवा फोडला आणि ती रडायला लागली. काकूंनी काचा गोळा केल्या आणि तिला सांगितलं की दिवा मिळेल कुठेतरी, तू पुन्हा मागे घे. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. बायको सकाळपासून दिसत नाही म्हणून दीर विचारत होता, तिकडे आली आहे का.

"आलीय," काकू म्हणाल्या. "पण आत्ता ती गाडी चालवतेय. उतरली की बोलेल."