दोन टिकल्या

चैत्रातल्या रविवारची दुपार होती. जोतिबाहून येताना अंगावर आलेला गुलाल कीबोर्डच्या फटींतून अजून निघाला नव्हता, आणि पांढऱ्याफटक उन्हात त्याची गुलाबी धूळ अक्षरांच्या आडोशाला बसून होती. माझा जीव कशातच रमेना. कागलच्या कारखान्यात सहा दिवस दुसऱ्यांच्या फायली लावणाऱ्या हातांना सुट्टी सोसत नाही. ते काहीतरी शोधत राहतात. मी संगणकापुढे बसले आणि स्टार्ट मेनू उघडला.

काय नव्हतं तिथं! कॉलेजात असताना टाकलेला टायपिंगचा धडा, मोडीत गेलेल्या प्रिंटरचं चिन्ह, दाबलं तरी काहीच न उघडणारे शॉर्टकट; माणसं घर सोडून गेल्यावरही दारावर राहिलेल्या पाट्यांसारखे. मी एकेक काढत गेले, उरलेल्यांचे गट पाडले : ‘ऑफिस’, ‘इंटरनेट’, ‘इतर’. मग ओल्या फडक्याने स्क्रीनही पुसली. तिच्या चौकटीवर आईच्या दोन टिकल्या होत्या, एक डावीकडे, एक खाली. आरशावर चिकटवते तशाच असतील म्हणून नखाने खरवडून टाकल्या. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते, लपवत नाही. ती लखलखीत स्क्रीन बघून पुन्हा एकदा मिरवावंसं वाटलं.

चारच्या सुमारास आई आली. तिचं भरतकामाचं मशीन तीन वर्षांपासून या संगणकाला जोडलेलं. संध्याकाळी नवरीकडचे पाहुणे ब्लाउज न्यायला येणार होते आणि एका बाहीची नक्षी राहिली होती. तिने मेनू उघडला, आणि माउसवरचा हात तसाच थांबला.

“माझ्या टिकल्या कुठं गेल्या गं?”

“पुसल्या. घाण दिसत होती.”

“पुसल्यास व्हय? आता वाट कशी काढू मी? डावीकडनं एक, खालनं एक, दोन्हींची गाठ पडती तिथं माझी नक्षी हाय की!”

आई चौथी शिकलेली. इंग्रजी नाव वाचता येत नाही म्हणून कापडाचे धागे मोजावेत तसे तिने मेनूतले चौकोन मोजले होते. आलेखाच्या कागदावर दोन अक्ष काढत मी बी.एस्सी. झाले, आणि तेच दोन अक्ष घरात, टिकल्यांच्या मरून रंगात, मला ओळखू आले नाहीत. तिच्या नक्षीचा प्रोग्रॅम मी कुठे टाकला होता? ‘इतर’मध्ये.

“तीन वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“हसली असतीस.” ती चिडली असती तर बरं झालं असतं. “ऱ्हाऊ दे. इथनं पुढं तूच उघडून देत जा.”

तीन वर्षं तिला माझी मदत लागली नव्हती. आणि उद्या सकाळी मी कागलला गेल्यावर?

मी घाईघाईने सगळं पूर्ववत लावायला बसले. “खालनं तिसरी ओळ?”

“दुसरी. त्यो तुझा मोडका प्रिंटर हुता बघ, त्याच्या शेजारी.”

कचऱ्यातून प्रिंटरही परत आणला. टिकल्यांचं पाकीट कीबोर्डशेजारी ठेवलं आणि चहाचं निमित्त करून आत गेले. चहा आटत चालला, कान मशीनकडे लागलेले. मध्येच खुर्ची करकरली; मग बराच वेळ काहीच नाही. जाऊन दाखवावं म्हणून दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा, तिची वाट तिलाच काढू दे म्हणत, तिथूनच मागे फिरले.