उघडं कॅबिनेट

"वॉरंटी असू द्या हो. मी वांगंसुद्धा किडकं नाही ना बघून घेते. उघडा!" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई दुकानदारकाकांना म्हणाल्या. त्यांना मुलासाठी गेम खेळायचा तयार कॉम्प्युटर हवा होता. काकांनी हसत कॅबिनेटचे स्क्रू काढले.

मी तिसऱ्यांदा या दुकानात आले होते. तयार घ्यायचा की सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा, हे ठरत नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळा खोक्यांवरची अक्षरं वाचून मी गुपचूप परतले होते. विचारलं असतं, तर मला काय येत नाही ते समोरच्याला कळलं असतं. शाळेपासूनची ही सवय. त्यामुळे कितीतरी वस्तू मला बाहेरूनच माहीत आहेत. माणसंही.

मी मान किंचित पुढे केली. आत एखाद्या छोट्या गावासारखी गजबज होती. भागांची नावं मला पाठ होती, पण समोर एकही ओळखता येईना. एका पट्टीशेजारी तेवढीच लांब खाच रिकामी होती. कुणाची वाट बघत असेल ती?

"छान आहे. लावा आता," बाई म्हणाल्या. काकांनी झाकण उचललं.

"काका, थांबा," मी म्हणाले. "ती रिकामी जागा कशासाठी आहे?"