शेवटचं प्यादं

माणसाचा सभ्यपणे अपमान करण्यात आमच्या व्याह्यांचा, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांचा, हात धरणारा अख्ख्या पवनी तालुक्यात सापडायचा नाही. आसगावात त्यांची धानाची शेती. दर रविवारी ते पवनीच्या बुद्धिबळ मंडळात येतात, कोंढ्याहून मी जातो, आणि ते मला हरवतात. हरवताना चेहरा असा पाडतात, की बघणाऱ्याला वाटावं हरले तेच. माझा घोडा मारण्याआधी "घेऊ काय, इवाई?" असं विचारतात; इवाई म्हणजे आमच्याकडे व्याही. यात संतापण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मंडळात सगळ्यांची समजूत अशी, की मी मुलीचा बाप म्हणून मुद्दाम हरतो. मुद्दाम! अहो, मी जीव तोडून हरतो.

म्हणून गेल्या महिन्यात मोबाइलवर बघून बघून सिसिलियन बचाव घोकला. पुढच्या रविवारी यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, मी ठरल्याप्रमाणे उंटापुढचं सरकवलं. मग यांनी अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं. "हे काहून?" मी विचारलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सारत म्हणाले, "त्यालेबी जराशी हवा लागू द्या."

तरीही त्या दिवशी डाव बरोबरीत सुटला. शेवटी माझा राजा आणि एक प्यादं, त्यांचा राजा आणि हत्ती. हत्ती नुसता इकडून तिकडे फिरत राहिला, त्याच त्याच खेळ्या झाल्या आणि ते म्हणाले, "बरोबरी." मी आनंदानं साऱ्या मंडळाला आलुबोंडे खाऊ घातले. घरी येऊन पुन्हा पट मांडला, तेव्हा दिसलं. माझं प्यादं उघडंच हत्तीच्या तोंडात होतं.

सकाळीच आसगाव गाठलं. "प्यादं काहून नाही मारलं?"

"शेवटचं मोहरं मारलं का बुर्ज होते. डाव बरोबरीतच जाते."

हा गावठी पटावरचा जुना नियम. मंडळात तो चालत नाही, हे मला शिकवलं कोणी? यांनीच. मी तसं तोंडावर सांगितलं. म्हणालो, "मले भीक नाही पायजे, इवाई."

त्यांनी समोरच्या बांधीतल्या धानाकडे नजर वळवली. मग म्हणाले, "एकच पोरगी होती तुमच्या घरी, तेबी आमी घेऊन आलो. आता शेवटचं प्यादंबी मीच खाऊ काय?"

आतून लेक म्हणाली, "बाबा, जेवूनच जाजा."

राग अजूनही आहे. पण त्या अंगणात मी चपला काढल्या आणि आत जेवायला बसलो.