नवरीचं नाव कापलेलं गाणं

नवऱ्याने सोडल्यावर माझी आत्या कामठ्याला आमच्याच घरी राहायची. एरवी तिला कोणी विचारत नसे, पण आसपास कुठे हळद असली की बोलावणं यायचंच. आमच्या पोवारी बोलीतल्या लग्नगाण्यांत ती नवरीचं, तिच्या भावाचं, मामाचं नाव गातागाता गुंफायची. मांडवात तिला पुढे बसवत, चहाही आधी तिलाच मिळे.

मी गोंदियाहून संगणक आणला आणि माझे हात शिवशिवू लागले. चुलत बहिणीच्या हळदीत आत्याची गाणी माइकवर टिपली. पडद्यावर आपल्या आवाजाची रेघ खालीवर झालेली पाहून ती हरखली. मी ऐटीत समजावलं, की हा डबा सेकंदाला हजारो वेळा आवाजाची उंची मोजतो आणि नुसते आकडे लिहून ठेवतो.

"म्हणजे मी आकड्यात गाऊन रायली?" ती हसली.

मेमरी कार्डांतून ती गाणी गावोगाव गेली. पण त्यांत नाव होतं माझ्या त्या चुलत बहिणीचं. दुसऱ्यांच्या मांडवात ते वाजलं की बायका खिदळायच्या, आणि आत्याला बोलवावंच लागायचं. मग एक ओळखीचा म्हणाला, "भाऊ, नाव निकाल दे ना, किसी की भी शादी में चलेगा." मला तेवढंच हवं होतं. रेघेतला प्रत्येक नावाचा तुकडा पुसला, दोन्ही टोकं जोडली. आकडेच ते, मागमूसही उरला नाही. अतिशहाणा मी, त्या दिवशी स्वतःवरच जाम खूश होतो.

हळूहळू बोलावणी थांबली. लांबच्या मांडवातून तिचाच आवाज यायचा आणि ती ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची. मी मुद्दाम टीव्ही मोठा करायचो.

काही वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीची हळद होती. मी हट्टाने स्पीकर बंद केला, आत्याला पुढे बसवलं आणि म्हटलं, "आत्या, तू गा."

ती संकोचून मागे सरकली. "मी कायले गाऊ, बाबू? तेच बाई लाव ना. मायाहून बरी गाते ते. तिले दमच नाई लागत."

गाणी साफ करताना तिचा एकेक श्वास मीच वेचून पुसला होता. हळद खोळंबली होती, बायका माझ्याकडे बघत होत्या. शेवटी स्पीकर मीच सुरू केला.